बिननांगराचं खाचर

ट्रॅक्टर भिंतीपाशी येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरलाच नाही. बसल्या जागेवरून मान वाकडी करून त्याने भिंतीच्या टोकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "राघोकाका, आता काय उडून जाऊ?"

राघो भिंतीला हात लावून उभा होता. भिंत नवी होती. सिमेंटचा वास अजून गेला नव्हता. भातकापणी उरकल्यावर तिचं काम सुरू झालं आणि वैशाख लागायच्या आत ती ओढ्यापर्यंत पोचलीसुद्धा. आत गोदाम होणार होतं. शेलार गावाच्या मागल्या अंगाला अशी गोदामं आता गवतासारखी उगवत होती, त्यात आणखी एक. ओढा आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट राहिली होती. पूर्वी तिथूनच बैलं जायची, गाडी जायची, मागच्या वर्षीपर्यंत ट्रॅक्टरही गेला होता. वाट वहिवाटीची होती, कागदावर नव्हती.

"वरच्या बायजाबाईच्या खाचरातून उतरवतोस का?" राघोने विचारलं.

"वरनं? बांध पुरुषभर उंच हाय काका. ट्रॅक्टर पालथा पडंल. आन बांध फोडला तर तिची माती बी जाईल, तुमची बी." ड्रायव्हरने गिअर मागे टाकला. "माफ करा, मना पुढं वळ गावाला जायचाय."

ट्रॅक्टर धूर सोडत गेला. मागे कुदळ आणि घमेलं घेऊन आलेली चंपा, राघोची धाकटी सून, जागीच उभी राहिली. सासऱ्याच्या पाठीकडे बघितल्यावर तिला कळलं, आत्ता बोलायचं नाही.

राघो गोदामाच्या गेटवर गेला. वॉचमन परमुलखातला, नवा पोरगा. "चाचा, सेठ नहीं है," तो म्हणाला. राघोने सावलीत टेकायला पाय पुढे टाकला तसा तो पुन्हा म्हणाला, "चाचा, अंदर नहीं. बाहर रुको." राघो बाहेर थांबला. उन्हात. चंपाने लांबून पाहिलं. ज्या जागेवर तो उभा होता तिथे पूर्वी उंबराचं झाड होतं आणि त्याच्याखाली तो नांगर सोडून भाकरी खायचा. शेठ आला नाही. गाडी आली, गेट उघडलं, गाडी आत गेली, गेट मिटलं. राघो गुडघ्यावर हात ठेवत घरी आला आणि पाणीसुद्धा न मागता ओटीवर आडवा झाला.

रविवारी थोरला अनंता आला. तो भिवंडीत धामणकर नाक्याजवळ राहायचा, एका शाळेत कारकून होता. माणूस वाईट नव्हता. येताना बापासाठी गुडघ्याला लावायचं तेल आणायचा, भावजयीला नीट नावाने हाक मारायचा. पण बोलायचं ते जेवताना बोलायचा, म्हणजे कुणाला उठून जाता येऊ नये.

"बाबा, वाट बंद झाली ते एका अर्थी बरंच झालं," तो म्हणाला. "गोदामवाल्यांना तो तुकडाही हवाच आहे. भराव घालतील, शेड मारतील, भाडं येत राहील. तुम्ही किती वर्षं ओढणार अजून?"

राघोने भाकरीचा तुकडा ताटात फिरवला.

"तुम्हीच म्हणाला होतात," अनंताने आवाज हळू केला. "नांगर चालंल तोवर जमिनीला हात लावायचा न्हाय. ज्या वर्षी पडीक राहील त्या वर्षी काय करायचं ते करा. म्हणाला होतात ना?"

"म्हनालो व्हतो."

"मग?"

"मग काय," राघो म्हणाला. "शब्द हाय तो."

धाकटा वाल्मीक, चंपाचा नवरा, वळ गावातल्या एका गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर होता. रात्रपाळी करून आल्यामुळे त्याचे डोळे तांबारले होते. तो भावाकडे बघत राहिला आणि मग बापाकडे. "दादा, यंदाचा पाऊस तर होऊ दे," एवढंच म्हणाला. अनंताने मान हलवली. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली राघोच्या बापाचा एक पिवळा पडलेला फोटो होता, त्याच्याकडे कुणीच पाहिलं नाही. पण चंपाला वाटलं, सगळे त्याच्याचकडे बघायचं टाळतायत.

त्या म्हाताऱ्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. तो जन्मभर दुसऱ्याच्या शेतात नांगर धरायचा. बायजाबाईच्या सासऱ्याच्या. तिथे त्याला अंगणाच्या कडेला वेगळ्या पेल्यात चहा मिळायचा. कुळकायद्यात हे एवढंसं खाचर त्याच्या नावावर झालं, तेव्हा त्याने पहिल्यांदा स्वतःच्या जमिनीत नांगर घातला आणि नांगराची पहिली ओळ, पहिलं तास, संपल्यावर तो तिथेच मातीत बसून रडला होता, असं राघो सांगायचा. राघोचा हात बापापेक्षाही सरस. त्याचं तास दोरीने आखल्यासारखं यायचं. चिखलणीच्या दिवसांत लोक त्याला बोलवायला यायचे आणि तो मोठ्या ऐटीत सांगायचा, "आधी माजं, मंग तुमचं." त्याच्या आयुष्यात ऐट करण्यासारखी गोष्ट ती एवढीच.

पण जमीन उतरती होती. वरचा डोंगर भरावाच्या मुरुमासाठी कापून काढल्यापासून पाणी धावतच यायचं. आषाढात नांगरून, चिखल करून, भुसभुशीत केलेली माती त्या पाण्याबरोबर ओढ्यात जायची. खाचराच्या वरच्या अंगाला आता कातळ दिसायला लागला होता, एखाद्या म्हाताऱ्या गुराची हाडं दिसावीत तसा. दर वैशाखात घरची माणसं खालच्या कोपऱ्यात साचलेली माती घमेल्यांनी वर नेऊन टाकायची. लग्न होऊन आल्यापासून चंपाने तेच केलं होतं. मानेत एक शीर कायमची धरली होती. वर टाकलेली माती पुढच्या आषाढात पुन्हा खाली. तिने एकदा नवऱ्याला विचारलं होतं, "आपून भात पिकवतो का माती व्हातो?" तो हसला होता. तिला हसू आलं नव्हतं.

भाऊ ओमकारच्या मुलीच्या हळदीला ती माहेरी मुरबाडकडे गेली, तेव्हा तिच्या डोक्यात ती भिंतच होती. हळद झाल्यावर ओमकार तिला शेत दाखवायला घेऊन गेला. खाचरात मागच्या वर्षीच्या भाताची खोडकी तशीच उभी होती, मधून मधून चर मारलेले, दोन चरांच्या मध्ये जमिनीचे उंचवटे. नांगरलेलं काहीच नव्हतं.

"पडीक ठेवलास?" तिने विचारलं.

"पडीक कशाला? तीन वरसं झाली, नांगर घातला न्हाय. चिखल न्हाय, रोपांची आवणी न्हाय. भोकं पाडायची आन बी टोचायचं. खोडकी उपटायची न्हायत, मुळं जमिनीतच कुजू द्यायची. ती धरून ठेवतात माती."

"आन भात?"

"पैल्या वरसी कमी आलं. लोक हसले. तण बी लय आलं." ओमकारने खोडक्याला लागून असलेला एक उंचवटा टाचेने फोडला. माती ढेकळासारखी फुटली नाही, भाकरीचा चुरा व्हावा तशी सुटली. आत पांढऱ्या मुळांचं जाळं होतं आणि त्यात एक गांडूळ अंग चोरून आत शिरत होतं. चंपा खाली बसली. तिने ती माती मुठीत घेतली, नाकाशी नेली. तिच्या खाचराच्या मातीला असा वास येऊन किती वर्षं झाली होती, ते तिला आठवेना.

परतताना एसटीत ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. नांगर फटीतून जात नाही. पण पहार जाते. कुदळ जाते. बाई जाते.

राघोला सांगायचं कसं, हा मात्र मोठा प्रश्न होता. तिने भाकरी वाढली, आमटी वाढली आणि पदर सारखा करत सांगून टाकलं. राघो ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "म्हंजे नांगर न्हायच?"

"न्हाय बाबा."

"मंग ती शेती कसली?"

तो ताटावरून उठला. ताटात भाकरी तशीच राहिली. चंपाच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण सासरा भरल्या ताटावरून उठलेला तिने कधी पाहिला नव्हता. वाल्मीक ड्युटीला निघाला होता, तो उंबऱ्यात थबकला. बायकोचा चेहरा बघून म्हणाला, "बाबांना उलटून बोलू नको. पन कर. सुट्टीच्या दिवशी मी हाय."

वळवाच्या दोन सरींनी जमीन जरा नरमली आणि चंपाने काम काढलं. भिंतीच्या फटीतून तिरकं होऊन जायचं, कुदळ डोक्यावर धरायची. पहिला चर मारताना कुदळ वर टणकन उडाली आणि मनगटातून कळ खांद्यापर्यंत गेली. वर्षानुवर्षं चिखल करून करून खालची जमीन फरशीसारखी बसली होती. ती हळूहळू चर खणत गेली, माती दोन्ही बाजूंना ओढून उंचवटे करत गेली. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर चिंधी बांधली. वाल्मीक पाळी संपवून तसाच गोदामाच्या गणवेशात यायचा, दोन-चार चर मारायचा आणि बांधावरच झोपून जायचा. त्याला उठवताना तिच्या जिवावर यायचं.

वरच्या खाचरात बायजाबाई उभी राहून बघायची. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. "चंपे, काय गं, भुईमूग लावतंस का बटाटे?" ती विचारायची आणि तिच्याकडे कामाला आलेल्या बाया हसायच्या. "राघोच्या घरात नांगर गंजला म्हन की!"

हे मात्र चंपाच्या जिव्हारी लागायचं. कारण राघो कुठेतरी ऐकत असायचा. तो कामाला येत नव्हता, पण रोज फटीतून येऊन ओढ्याकाठच्या दगडावर बसायचा. गुडघे पसरून, पाठ खाचराकडे करून.

मृग नीट लागल्यावर तिने पहारीने भोकं पाडली आणि एकेका भोकात भाताचे चार-चार दाणे टाकले. खोडकी तशीच ठेवली. रोपांसाठी जमीन भाजून राब केला नाही, रोपं केली नाहीत. गावात सगळीकडे चिखलणीची गडबड सुरू झाली, ट्रॅक्टरची घरघर, चिखलाचा तो ओळखीचा वास. आणि राघोचं खाचर मात्र न विंचरलेल्या डोक्यासारखं. भात उगवलं ते नीट उगवलं. पण भाताबरोबर तणही उगवलं, आणि भाताच्या दुप्पट जोमाने. लव्हाळा, गवत, आणि भाताची हुबेहूब नक्कल करणारं देवभात.

चंपा वाकून वाकून तण उपटायची. वर प्लास्टिकचा कागद पांघरलेला, त्यावर पावसाचा मारा, कमरेखाली ओलं, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. घरी आली की ती हात कोमट पाण्यात धरून बसायची. एका दुपारी कंटाळून, रागाने, ती उंचवट्यावर तशीच बसली. सगळं उपटून ओढ्यात टाकावं आणि अनंतादादांना फोन करून सांगावं, घाला भराव, असं तिला वाटलं.

"चिखल केला असता तर ह्ये तण मेलं असतं," मागून आवाज आला.

राघो होता. पाठ फिरवून नाही, तोंड खाचराकडे करून उभा होता. तो म्हणाला ते खरंच होतं. चंपा म्हणाली, "व्हय बाबा. मेलं असतं."

तो चराच्या कडेने पुढे आला. मग म्हणाला, "ते तुज्या उजव्या हाताला हाय ना, ते भात न्हाय. देवभात हाय. बुडाशी लाल हाय बघ." आणि निघून गेला. चंपाने पाहिलं. बुडाशी लाल होतं. तिने ते उपटलं आणि पुढची ओळ धरली.

आषाढ संपता संपता तो पाऊस आला. सकाळपासून अंधारलं होतं. दुपारी असा काही कोसळायला लागला, की घरात बोललेलं ऐकू येईना. वाल्मीक वळ गावात अडकून पडला होता. चंपाने कौलांखाली भांडी लावली. तेवढ्यात वरच्या बाजूने एक मोठा आवाज आला, ट्रकमधून खडी ओतावी तसा. राघो ओटीवरून उठला, इरलं पाठीवर घेतलं आणि काही न सांगता निघाला. चंपा मागोमाग धावली.

कापलेल्या डोंगराचा एक भाग खाली आला होता. तांबड्या पाण्याचा लोंढा बायजाबाईच्या खाचरात घुसला होता. आवणी होऊन चार दिवस झाले नसतील. नुकता केलेला लोण्यासारखा चिखल, त्यात जेमतेम उभी रोपं. पाणी आलं आणि चिखल जागचा हलला. सगळा पट्टा रोपांसकट सरकत बांधावरून खाली ओघळू लागला. राघोच्या खाचरात. वर बायजाबाई भिजत उभी होती, दोन्ही हात डोक्यावर.

खाली पाणी चरांमधून धावत होतं, उंचवट्यांवर चढत होतं. भाताच्या रोपांचे झुबके, चूड, आडवे पडले होते. राघो गुडघाभर पाण्यात उतरला. "बाबा, नका!" चंपा ओरडली, पण तो पुढे गेला. वरच्या कोपऱ्यात, जिथे लोंढा पडत होता, तिथे एक उंचवटा खचला होता आणि खालचा कातळ उघडा पडला होता. तेवढं गेलं. राघो वाकला आणि त्याने शेजारच्या उंचवट्यात हात खुपसला. मनगटापर्यंत हात गेला, आणि तिथेच अडला. मागच्या वर्षीच्या खोडक्यांची मुळं, यंदाच्या भाताची मुळं, सगळ्यांनी मिळून माती घट्ट धरली होती. त्याने हात बाहेर काढला, दुसऱ्या उंचवट्यात घातला. मग तिसऱ्या. एखाद्या माणसाची नाडी बघावी तसा तो प्रत्येक ठिकाणी हात घालत चालला होता. पाऊस त्याच्या पाठीवर कोसळत होता, इरलं केव्हाच वाहून गेलं होतं.

मग तो खालच्या टोकाला गेला, जिथून खाचराचं पाणी ओढ्यात पडतं. तिथे उभा राहून बघत राहिला. चंपा त्याच्यापाशी गेली. ओढा तांबडा लाल होता. वरून येणारं पाणी तांबडं होतं. चरांमध्ये ते पसरत होतं, खोडक्यांत अडत होतं, गाळ टाकत होतं. आणि त्यांच्या खाचरातून ओढ्यात पडणारी धार गढूळ होती, पण लाल नव्हती.

"आयला," राघो म्हणाला. एवढंच.

पाऊस जरा हटल्यावर चंपाच्या लक्षात आलं, की तिच्या भाताच्या ओळींमध्ये सगळीकडे बायजाबाईची रोपं अडकलीयत. चिखलासकट वाहून आलेली, खोडक्यांना धरून राहिलेली. तिने त्यातलं एक उचललं. मुळं शाबूत होती. तिने सासऱ्याकडे पाहिलं. राघोने आधीच वाकून जुडी करायला सुरुवात केली होती.

दोघांनी अंधार पडेपर्यंत रोपं गोळा केली. चंपा जुड्या बांधून बांधावर ठेवायची, वरून बायजाबाई हात खाली करून उचलून घ्यायची. मग बायजाबाई बांधावर बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. "माजा चिखल गेला रं राघो. येवढी मेहनत केली."

"रोपं हायत," राघो खालून म्हणाला. "उद्या परत लावू. मी येतो."

"तुज्या गुडघ्यानं?"

"बसून लावंन."

आणि तो खरोखरच गेला. दुसऱ्या दिवशी बायजाबाईच्या उरल्यासुरल्या खाचरात, चिखलात बसून, मागे सरकत सरकत त्याने रोपं लावली. बायजाबाईने चहा आणला तो सगळ्यांना एकसारख्या कपांतून आणला. राघोने कप दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ नुसता धरूनच ठेवला.

त्यानंतर तो दगडावर बसायला गेला नाही. तो खाचरात यायचा, चरांच्या कडेला बसायचा आणि हात पोचेल तिथलं तण काढायचा. भाद्रपदात भात पोटरीला आलं, लोंब्या पोटात धरायला लागलं. एक दिवस त्याने चंपाला हाक मारून बोलावलं आणि उंचवट्यावर पडलेले मातीचे बारीक बारीक गोळे दाखवले. गांडुळांनी वर टाकलेले. "लय दिवसांनी आले," तो म्हणाला, पाहुण्यांबद्दल बोलावं तसा. वरच्या अंगाला भात ठेंगणं होतं, पिवळसर होतं. कातळावर काय पिकणार. पण खालच्या अर्ध्या भागात चूड भरला होता.

नवरात्रात अनंता आला. त्याच्याबरोबर गोदामाचा एक माणूस होता, पांढऱ्या शर्टातला, बोलायला गोड. फटीतून येताना त्याच्या शर्टाला सिमेंट लागलं आणि तो ते झटकत राहिला. अनंता बांधावर उभा राहिला. समोर लोंब्या बाहेर पडून भात निसवलं होतं. लहानपणी तो याच बांधावर अभ्यासाला बसायचा.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "नांगर चालला का यंदा?"

चंपाच्या हातातला विळा थांबला. वाल्मीकनेही वर पाहिलं. खोटं बोलला असता तरी चाललं असतं, समोर भात उभं होतं. पण राघो खोटं बोलणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याच्या अंगावर एकच गोष्ट लख्ख होती, ती म्हणजे त्याचा शब्द.

"न्हाय चालला," राघो म्हणाला.

गोदामाचा माणूस हसला. "मग ठरल्याप्रमाणे..."

"थांबा जरा," राघो त्याच्याकडे न बघता म्हणाला. तो अनंताशी बोलत होता. "मी म्हनालो व्हतो, नांगर न्हाय तर जमीन पडीक. माजा बा तसाच म्हनायचा. तवा आमाला तेवढंच ठाव व्हतं. नांगर धरला का मानूस उभा राहतो, असं वाटायचं." त्याने गुडघ्यावर हात टेकला. "पन मी धरलेल्या नांगरानंच माती सुटली, अनंता. दर वरसी मी ती सोडवायचो आन पानी न्यायचं. मना वाटायचं डोंगर कापनारे चोर हायत. ते हायतच. पन दार मीच उघडून देत व्हतो."

आयुष्यभराच्या एकुलत्या एका ऐटीवर त्याने स्वतःच्या हाताने माती टाकली होती, आणि ती पोरांसमोर, परक्यासमोर. चंपाला वाटलं, जाऊन त्याचा हात धरावा. पण सासऱ्याचा हात सून कशी धरणार. ती नुसती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"जमीन पडीक न्हाय," राघो म्हणाला. "बघ तुज्या डोळ्यानं."

अनंता चप्पल काढून खाली उतरला. तो चरांमधून चालत गेला, मध्येच वाकला, एक लोंबी हातात धरली, सोडली. परत आला तेव्हा त्याची पँट घोट्यापर्यंत चिखलाने भरली होती. "पुढच्या वर्षी वाटेसाठी अर्ज करू," तो वाल्मीकला म्हणाला. "तहसीलला माझ्या ओळखीचा एक आहे. होईलच असं नाही." मग पांढऱ्या शर्टातल्या माणसाकडे वळून म्हणाला, "तुम्ही या आता. काही असलं तर मी कळवीन." तो माणूस पुन्हा तिरका होऊन फटीतून गेला.

भाताचं पीक मागच्या वर्षीपेक्षा थोडं उणंच आलं. वाल्मीकने पोती रचताना ते बोलून दाखवलं आणि चंपा म्हणाली, "व्हय, उणं हाय." झोडणीनंतर तिने खोडकी तशीच ठेवली आणि ओल होती तोवर त्यांच्यामध्ये वाल टोचले. राघो तिला बी मोजून न देता ओंजळीने द्यायचा.

त्याच दिवसांत एका सकाळी बायजाबाई त्यांच्या अंगणात आली. ती या अंगणात कधी आली नव्हती. ओटीच्या कडेला टेकली. चंपा मागच्या दारी भांडी घासत होती, तिला बोलणं ऐकू येत होतं.

"राघो," बायजाबाई म्हणाली, "माज्या खाचरात बी तसे चर मारावं म्हनते. वरचा तुकडा तरी. तू येशील का दावायला? तुजा बा, तू, सगळी उमर तुमी आमच्या शेतात..." ती थांबली. पुढचं वाक्य तिला नीट लावता आलं नाही.

राघो खोकला. "मना काय इचारते?" तो म्हणाला. "मी नांगऱ्या मानूस. शेतकरीन मागं बसलीय. तिला इचार."

मागच्या दारी चंपाचा हात राखेत तसाच राहिला. रेशनकार्डाच्या अर्जावर, बँकेच्या फॉर्मवर, जनगणनेच्या यादीत तिच्या नावापुढे गृहिणी लिहिलेलं होतं, आणि ती स्वतःही विचारलं तर घरीच असते म्हणून सांगायची. तिने हात धुतले. घाईने नाही, बोटांच्या बेचक्या चोळून, नीट. पदराला पुसत ती पुढच्या ओटीवर आली, तेव्हा बायजाबाई उठून उभी राहिली होती.

"उद्या सकाळी येते," चंपा म्हणाली. "तोवर खोडकी उपटू देऊ नको कुनाला. आन ढोरं सोडू नको त्यात."

"बरं," बायजाबाई म्हणाली.

"आन मावशे, पैल्या वरसी तण लय येईल. तवा मना शिव्या देऊ नको."

राघो ओटीवर हसायला लागला. मोठ्याने, तोंड उघडून. वाल्मीक आतून झोपेतून उठून बघायला आला, काय झालं म्हणून.